सर झोपून राहिले होते

दर वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग भरला की अरुंधती मॅडम एक खेळ खेळायच्या.

मॅडम मराठी विभागाच्या प्रमुख. जितेंद्र रेवतकर त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे शिकवेल तेवढ्या तासांपुरता प्राध्यापक, एरवी कुणी नाही. मॅडम त्याला वर्गात बोलवून घ्यायच्या आणि कुठलाही एक उतारा हातात द्यायच्या. तो वाचायचा. संथ, स्वच्छ, ण आणि ळ जागच्या जागी. वाचून झालं की मॅडम मुलांकडे वळायच्या.

"सर कुठले असतील, सांगा."

पुण्याचे, मुलं म्हणायची. कुणी सातारा म्हणायचं. एका वर्षी एक मुलगी थेट पार्ल्याचे म्हणाली. त्या दिवशी मॅडमनी त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला.

"नरखेडचे," त्या सांगायच्या. "ओळखू येत नाहीत ना?"

मुलं त्याच्याकडे नव्यानं बघायची. जितेंद्र हसायचा. खेळाचा तो भाग त्याचा होता.

तो त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा बसला तेव्हा असा नव्हता. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपुरात आलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला मुलगा. मॅडम बाकांमधून फिरत होत्या. त्याच्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, काय चाललंय?

"लिहून राहिलो, मॅडम."

"लिहून कुठे राहिलास?" मॅडमनी अगदी शांतपणे विचारलं. "भाड्यानं, की स्वतःचं घर आहे?"

वर्ग हसला. जितेंद्रला गंमत कळली नाही. त्याच्या गावात जेवतो आहे म्हणायचं तर जेवून राहिलो म्हणतात, येतो आहे म्हणायचं तर येऊन राहिलो. त्यात हसण्यासारखं काय, हे त्याला समजेना. मॅडमनी राहण्याबद्दल विचारलंय एवढंच त्याला कळलं, आणि त्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

"काकाकडे राहून राहिलो, मॅडम."

त्यानंतर वर्षभर त्याला कुणी जितेंद्र म्हटलं नाही. राहूनराहिलो म्हणत. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, हजेरीला सुद्धा. एकदा मॅडमच हजेरी घेताना अडखळल्या आणि मग त्याही हसल्या.

त्यानं भाषा काढून टाकायचं ठरवलं. काकाच्या घरी पहाटेच्या रेडिओवर बातम्या लागत. निवेदिकेच्या मागोमाग तो प्रत्येक वाक्य म्हणायचा. काकूला वाटलं, पोरगं स्तोत्र पाठ करतंय. 'मले' आणि 'तुले' लवकर गेले. 'काहून' दिवाळीपर्यंत टिकला. 'राहिलो' मात्र जाईना, कारण तो शब्द नव्हता, वाक्याची बसायची रीत होती. तो बोलण्याआधी थांबू लागला. वाक्य मनात जुळवून, तपासून मग बाहेर सोडायचा. लोकांना वाटायचं, मुलगा विचारी आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याला थांबावं लागेनासं झालं. पुढे त्याला स्वप्नं सुद्धा शुद्ध पडू लागली.

त्याच सुमारास मारोतराव, त्याचे वडील, कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन आले होते. घरची बाग, घरची संत्री. माल उतरला आणि चांगल्यातली एक पिशवी बाजूला काढून ते कॉलेजात आले. मुलाच्या मॅडमना भेटायचं म्हणून धुतलेली टोपी घातलेली. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. टेबल खराब होईल म्हणून उचलून परत खाली ठेवली.

"मॅडम, माह्या पोरावर ध्यान ठेवजा. थो घरी काही सांगत नाही आमाले."

मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. वडिलांकडे नाही, जितेंद्रकडे.

"बाबा म्हणताहेत," तो म्हणाला, "की माझ्या मुलाकडे लक्ष असू द्या. तो घरी फारसं बोलत नाही."

मारोतरावांनी मुलाकडे पाहिलं. मग मॅडमकडे.

"कळलं हो मला," मॅडम म्हणाल्या.

मारोतराव त्यानंतर अनेकदा नागपुरात आले. कॉलेजात कधी आले नाहीत. संत्री ते काकाकडे ठेवून जात.

जितेंद्र एम.ए. झाला, सेट झाला, आणि तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवू लागला. मोटारसायकलवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पगार नाही. लग्नाची बोलणी येत आणि 'कायम कधी होणार' या प्रश्नापाशी थांबत. असं करत तो पस्तिशीला आला. मॅडम म्हणत, जागा निघू दे, मग बघू.

जागा निघाली. एकच. नव्या अभ्यासक्रमात बोलीभाषेचा पेपर आला होता आणि वऱ्हाडी बोली शिकवू शकणारा माणूस हवा होता. जाहिरात वाचून जितेंद्र बराच वेळ खुर्चीत बसला. मॅडमना मात्र आनंद झाला. तुझ्यासारखा उमेदवार त्यांना कुठे मिळणार, त्या म्हणाल्या, तू तर तिकडचाच. फक्त बोलीवर काहीतरी काम दाखवावं लागेल. त्याचे सगळे लेख संतकाव्याच्या छंदांवर होते.

आणि नेमका तेव्हा तो सिनेमा कॉलेजात आला.

अपूर्व नावाचा पुण्याचा तरुण दिग्दर्शक. खुनाची गोष्ट, आणि तीही मराठी विभागात घडणारी. विभागप्रमुख आपल्या खोलीत मेलेले सापडतात. संशय सगळ्या प्राध्यापकांवर. पुण्याहून एक भाषाशास्त्रज्ञ येतो आणि लोकांच्या बोलण्यातून खुनी शोधतो. उंच छताची जुनी इमारत अपूर्वला आवडली. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज त्याला मिळालं. विभागात काम करणाऱ्या शिपाई बाईचे संवाद वऱ्हाडीत करून देणारा माणूस त्याला हवा होता. मॅडमनी जितेंद्रचं नाव सुचवलं.

"पडद्यावर नाव येईल ना याचं?" त्यांनी समोरच विचारून घेतलं. मग जितेंद्रला म्हणाल्या, "हे अर्जात लाव."

जितेंद्रनं संवाद करून दिले. 'मला'चं 'मले' केलं, 'का'चं 'काहून'. शाळेत सामान्यरूपं लिहावीत तसं, एकेक. मध्ये 'वं' आणि 'गा' पेरले. घरी फोन करून आईला विचारावं असं त्याला वाटलं नाही. आपल्याच भाषेबद्दल कुणाला विचारायचं?

एका वाक्याला अपूर्वनं चौकट केली होती. यात काही बदलू नका, तो म्हणाला, सगळी गोष्ट यावर उभी आहे. शिपाई बाई पोलिसांना सांगते, मी चहा घेऊन गेली, तं सर झोपून राहिले होते. शेवटी भाषाशास्त्रज्ञ सगळ्यांना सभागृहात जमवतो आणि हे वाक्य फोडतो. बाई 'झोपले होते' म्हणाली असती तर सुटली असती. ती 'झोपून राहिले' म्हणाली. म्हणजे उठायला हवे होते, पण उठले नाहीत, उठणार नाहीत. हे तिला आधी कसं कळलं? कारण विष तिनंच दिलं होतं.

जितेंद्रला ते फार आवडलं. सहायक क्रियापदावर उभा असलेला खून. त्यानं अपूर्वला तसं सांगितलं देखील.

"तुमच्याकडे या वाक्याला काही अडचण नाही ना?" अपूर्वनं विचारलं.

"अजिबात नाही," जितेंद्र म्हणाला. "चोख आहे."

तो खोटं बोलला नाही. ते वाक्य त्यानं खरंच अपूर्वच्या कानांनी ऐकलं होतं. दुसरे कान त्याच्याकडे उरले नव्हते.

चित्रीकरणात ते वाक्य नागपुरातल्या कुणालाही खटकलं नाही. शिपाई बाई झालेली नटी बोलली, दिवे धरणारी स्थानिक पोरं ऐकत होती, कॉलेजचे खरे शिपाई दारात उभे होते. बाई म्हणाली, सर झोपून राहिले होते. बरोबरच होतं. सर झोपले होते. त्यापुढे तिचं काय होणार, हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटचा प्रसंग पुण्यात चित्रित झाला.

एप्रिलमध्ये सिनेमा लागला. नागपुरातल्या पहिल्या खेळाला कॉलेज लोटलं. अरुंधती मॅडम, संस्थेचे सचिव, तीन वर्गांची मुलं. गावाहून दोन क्रूझर भरून माणसं आली. मारोतराव धुतलेली टोपी घालून आले होते. कुसुमताई, त्याची आई, शेजारच्या बाईला सांगत होत्या की जितूचं नाव येणार आहे, मोठ्या अक्षरात.

सिनेमा कंटाळवाणा निघाला. प्राध्यापक घरी सुद्धा शाल पांघरून बसत होते. ग्रंथालयात धूर होता, का ते कुणी सांगितलं नाही. भाषाशास्त्रज्ञ व्हरांड्यातून चालायचा आणि त्याच्या मागे व्हायोलिन चालायचं. मध्यंतरापर्यंत चार जणांवर संशय आला आणि चौघांचंही कुणाला काही वाटलं नाही. मुलं मोबाइल काढून बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा होता, आणि पहाटे बागेला पाणी देऊन निघालेल्या मारोतरावांची मान हळूहळू छातीवर आली.

"काकाजी झोपून राहिले," मागच्या रांगेतला गावचा मोहित आपल्या शेजाऱ्याला म्हणाला.

जितेंद्रनं ते ऐकलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. सभागृहात सगळे जमले होते. भाषाशास्त्रज्ञानं चष्मा काढला.

"झोपून राहिले," तो एकेक अक्षर सुटं करत म्हणाला. "ज्याला ठाऊक आहे की माणूस मेला आहे, तोच असं बोलेल."

काय झालं ते लोकांना कळायला एक क्षण लागला. त्या क्षणात जितेंद्रला सगळं कळून चुकलं होतं. मग अंधारातून मोहितचा आवाज आला.

"अबे, मंग आमचे काकाजी मेले का?"

जे हसू फुटलं ते थांबेना. मुलं खुर्च्यांवर हात आपटू लागली. लोक वळून मारोतरावांकडे बघू लागले. हसण्यानंच मारोतराव जागे झाले. सगळं थिएटर आपल्याकडे बघून हसतंय एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी टोपी सरळ केली, तोंडावरून हात फिरवला, आणि काही चुकलं का म्हणून मुलाकडे पाहिलं. पडद्यावर शिपाई बाईला बेड्या पडत होत्या. तिच्या रडण्याला लोक शिट्ट्या वाजवत होते.

शेवटी पाट्या आल्या. वऱ्हाडी बोली मार्गदर्शन, प्रा. जितेंद्र मारोतराव रेवतकर. मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, खऱ्याच आहेत.

बाहेर अपूर्व खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. जितेंद्र जवळ गेला तसा तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नक्की इथलेच ना?"

जितेंद्र गाड्यांकडे निघाला.

गाड्यांपाशी कुसुमताई त्याची वाट बघत थांबल्या होत्या. मारोतराव आधीच क्रूझरमध्ये बसले होते.

"त्या बाईनं खोटं काय सांगितलं रे, जितू?" कुसुमताईंनी विचारलं. "काहून धरलं तिले?"

जितेंद्र त्यांना समजावून सांगू लागला. सहायक क्रियापद, त्याचा प्रमाण भाषेतला अर्थ. कुसुमताई मान हलवत ऐकत होत्या. मारोतरावांनी ड्रायव्हरला चल म्हटलं.

पुण्यात ती चूक कुणाच्या लक्षात आली नाही. सिनेमा तिथेही चालला नाही, पण त्याची कारणं वेगळी होती.

नागपुरात मात्र ते वाक्य चाललं. कुणीतरी थिएटरमधलं हसणं मोबाइलवर टिपलं होतं. जितेंद्र वर्गात शिरला की शेवटच्या बाकावरचा एक जण डोकं टेकवायचा आणि शेजारचा उठून उभा राहायचा.

"सर, हा झोपून राहिला. पोलिसाले फोन लावू का?"

कॅन्टीनमध्ये तो जेवत असला की, सर जेवून राहिले. जिन्यात, सर उतरून राहिले. मुलं अगदी गंभीर चेहऱ्यानं एकमेकांना सांगत आणि मग खून झाल्यासारखी छातीवर हात ठेवत. एकदा प्राचार्यांनीही विचारलं, काय रेवतकर, काय करून राहिले? आणि उत्तराची वाट न बघता हसत पुढे गेले.

अर्जातून ते नाव काढता येईल का, असं त्यानं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, अर्ज गेला आता.

जूनमध्ये मुलाखत झाली. समितीत मॅडम होत्या, सचिव होते, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून अमरावतीकडचे गोपाळराव नावाचे एक म्हातारे प्राध्यापक होते. सचिवांनी अर्ज चाळला, एका ओळीपाशी थांबले आणि मॅडमना ती ओळ बोटानं दाखवली. ते पिक्चरवाले हेच का, त्यांनी विचारलं. मॅडमनी मान हलवली. सचिवांनी रुमाल तोंडाला लावला.

गोपाळरावांनी सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी बोलीच्या व्याकरणावर प्रश्न विचारले. जितेंद्र उत्तम बोलला. चालू काळ दाखवणारं 'राहणे' त्यानं असं समजावलं, हिंदीशी त्याचं नातं असं उलगडलं, की गोपाळराव खुर्चीत पुढे सरकले.

"छान. फारच स्वच्छ मांडता तुम्ही. पुण्याकडचे का?"

जितेंद्र उत्तर देणार, तेवढ्यात मॅडम बोलल्या. सवयच होती त्यांना. चेहऱ्यावर तेच दर वर्षीचं कौतुक होतं.

"नरखेडचे. ओळखू येत नाहीत ना?"

गोपाळरावांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ते वेगळ्याच आवाजात बोलले. म्हाताऱ्याचा आवाज एकदम सैल झाला.

"मंग बोला ना गा आपल्यातलं. बाबा काय करून राहिले घरी?"

जितेंद्रनं तोंड उघडलं आणि थांबला. कधीकाळी थांबायचा, तसाच. वाक्य शुद्ध आलं. त्यानं 'ला' काढून 'ले' बसवला. क्रियापद फिरवलं. तपासलं.

"बाबा... संत्र्याले... पाणी देऊन राहिले."

एकही चूक नव्हती. पण ते सिनेमातल्या शिपाई बाईसारखं वाजलं. सचिवांना रुमालामागे खोकला आला. गोपाळराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"व्याकरण बरोबर आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "धन्यवाद. या आपण."

नेमणूक भैरवीची झाली. नागपूर शहरातच, रामदासपेठेत वाढलेली मुलगी. तिनं वऱ्हाडी क्रियापदांवर पीएच.डी. केली होती, त्यासाठी खेड्यांत जाऊन राहिली होती. मुलाखतीत ती गोपाळरावांशी अर्धा तास त्यांच्याच बोलीत बोलली म्हणे. तासिका तत्त्वावरचे तास जितेंद्रला या वर्षीही मिळाले. मॅडमनी आवर्जून शब्द टाकला होता.

पहिल्या वर्षाचा वर्ग भरला. जितेंद्र स्टाफरूममध्ये होता. बोलावणं येईल म्हणून त्यानं शर्टाची बाही नीट केली. बोलावणं आलं नाही. थोड्या वेळानं तो व्हरांड्यातून सहज जावं तसा गेला. आतून भैरवीचा आवाज येत होता. ती मुलांना काहीतरी गंमत सांगत होती, पाय पसरून ओट्यावर बसलेल्या बाईसारखी, आणि मुलं खूश होऊन हसत होती. मग मॅडमचा आवाज आला.

"मॅडम कुठल्या असतील, सांगा."

काटोल, मुलं ओरडली. वरूड. नरखेड, एक जण म्हणाला.

"इथल्याच. रामदासपेठेतल्या," अरुंधती मॅडम म्हणाल्या. "ओळखू येत नाहीत ना?"

जितेंद्र परत येऊन स्टाफरूममध्ये बसला. त्याचा तास सुरू झाला होता. तो उठला नाही. टेबलावर फोन वाजला. थिएटरनंतर पहिल्यांदाच मारोतरावांचा फोन होता. पलीकडे मोटारपंपाची घरघर ऐकू येत होती.

जागेचं काय झालं, हे त्यांना काकाकडून कळलं होतं. त्याबद्दल ते बोलले नाहीत.

"काय करून राहिला?" त्यांनी विचारलं.

जितेंद्रनं वाक्य जुळवलं नाही, तपासलं नाही. ते आपोआप आलं.

"बसून राहिलो, बाबा."

पलीकडे मारोतरावांनी पंप बंद केला.

"शुद्धच बोल गा तू," मारोतराव म्हणाले. "समजते आमाले."